पोटात चाकू लागला तर? ऑपरेशन, निरीक्षण आणि घरी परतणे : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटावर वार झालेला माणूस कॅज्युअल्टीत आला की त्याच्याबरोबर दहा-पंधरा जण येतात. निम्म्यांना ऑपरेशन आत्ताच्या आत्ता हवे असते. उरलेल्यांना वाटते की जखम एवढीशी आहे, दोन टाके घातले की घरी जाता येईल. दोघेही आपल्या माणसाच्या काळजीनेच बोलत असतात, पण त्या क्षणी सगळे समजावून सांगायला डॉक्टरला सवड नसते. ते समजावणे इथे सावकाश केले आहे. भांडणातला चाकू असो, उसाचा कोयता असो की बांधकामावरची सळई, टोकदार किंवा धारदार वस्तू पोटात शिरली की विचार करण्याची पद्धत जवळपास सारखीच असते. बंदुकीच्या गोळीचे गणित निराळे आहे, ते इथे घेतलेले नाही.

वार झाल्यावर जागेवर पहिल्यांदा काय करायचे?

१०८ ला फोन करा. माणसाला आडवे झोपवा आणि गुडघे दुमडून ठेवा, म्हणजे पोटाचे स्नायू सैल राहतात. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने दाबून धरा. जखमेत हळद, चुना, तंबाखू, कॉफी पावडर काहीही भरू नका. ते सगळे नंतर आम्हाला धुऊन काढावे लागते आणि त्याने आतला रक्तस्राव थांबत नाही.

पाणी देऊ नका. रक्त गेलेल्या माणसाला तहान फार लागते, तो हात जोडून पाणी मागतो आणि जवळच्यांना ते बघवत नाही. तरीही ओठ ओल्या कापडाने पुसण्यापलीकडे काही करू नका. जठराला किंवा आतड्याला भोक पडले असेल तर पोटात गेलेले पाणी तिथून बाहेर पसरते. शिवाय भूल देताना उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. चहाचेही तेच.

रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर जीप, टेम्पो, रिक्षा, जे मिळेल त्यात आडवे घालून निघा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणणे हा शेवटचा पर्याय. बसलेल्या माणसाचा रक्तदाब आणखी घसरतो आणि वाटेतच शुद्ध जाते.

चाकू पोटातच अडकला आहे. काढू का?

नाही. पात्याने फाटलेली रक्तवाहिनी कधी कधी त्या पात्यानेच दाबून धरलेली असते. रस्त्यात उपसलात तर तो दाब जातो आणि पोट रक्ताने भरते. मुठीच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या ठेवा आणि चाकू हलणार नाही असे बांधा. तो ऑपरेशन थिएटरमध्ये, पोट उघडून, डोळ्यांसमोर काढला जातो. कोयता किंवा सळई असेल तरी हेच. सळई लांब असेल तर ती बाहेरच्या बाजूने कापून, आतला तुकडा तसाच ठेवून माणसाला आणावे.

आतडे बाहेर आले आहे. आत ढकलायचे का?

तेही नाही. बाहेर मळलेले आतडे आत ढकलले तर घाण पोटात जाते. पीळ पडलेले किंवा फाटलेले आतडे नजरेआड होते, हे आणखी वाईट. स्वच्छ कापड सलाईनने भिजवून त्यावर ठेवा. सलाईन नसेल तर पिण्याचे पाणी चालेल. वरून स्वच्छ प्लास्टिक झाका म्हणजे कापड वाळणार नाही. कोरडा कापूस आतड्याला चिकटतो, तो लावू नका. घट्ट आवळून बांधू नका.

आतडे बाहेर आले असेल तर ऑपरेशन जवळपास ठरलेले असते. काही वेळा बाहेर आलेले आतडे नसते, पोटातल्या चरबीचा पदर असतो. अशा रुग्णाची नाडी-रक्तदाब उत्तम आणि पोट मऊ असेल तर लक्ष ठेवून निर्णय घेता येतो. पण ते ठरवायचे काम सर्जनचे.

सोलापुरात कुठे न्यायचे?

सर्जन, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, सीटी स्कॅन आणि आयसीयू एका छताखाली असतील तिथे. सगळे ज्याला नुसते सिव्हिल म्हणतात ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीच नव्हे, तर तुळजापूर आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी भागातूनही रुग्ण तिथे येतात. खासगी रुग्णालय निवडणार असाल तर निघण्याआधी फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा : सर्जन आत्ता हजर आहेत का, आणि रक्त आहे का.

अंतराचा विचार इथे महत्त्वाचा. अक्कलकोटहून चाळीसेक किलोमीटर आहे, सरळ या. करमाळ्याहून शंभराहून अधिक. अशा वेळी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात थांबून हातात सलाईनची सुई, जखमेवर पट्टी, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि पुढच्या रुग्णालयाला फोन एवढे करून घ्यावे. सोनोग्राफीसाठी किंवा एक्स-रेसाठी तिथे तास घालवू नये. पोटातल्या रक्तस्रावाला बाहेरून दाबता येत नाही. तो थांबतो तो थिएटरमध्येच.

आधी पोलिसांत तक्रार द्यावी लागते का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे : सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे उपचार आधी, कागद नंतर. एमएलसीची (म्हणजे पोलीस प्रकरण असलेल्या रुग्णाची) नोंद आणि पोलिसांना कळवणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. ते काम बरोबर आलेल्यांपैकी एकाने करावे. सगळ्यांनी ठाण्यात जाऊ नये, रक्त द्यायला कुणीतरी लागते.

अंगावरचे कपडे फेकू किंवा धुऊ नका. आम्हीही कपडे कापताना वाराचे भोक सोडून कापतो, कारण तो पुरावा असतो.

डॉक्टरला खरे सांगा, ही विनंती आहे. घरातले भांडण असले की "पायरीवर पडला" असे सांगितले जाते. पाते केवढे होते, वार वरून आला की खालून, किती वेळा झाला, माणूस प्यायलेला आहे का, यावर पुढची तपासणी ठरते.

जखम बोटभर आहे. रक्तही थांबले. टाके घालून सोडता येणार नाही का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. बाहेरची जखम पात्याची रुंदी सांगते. खोली आणि दिशा सांगत नाही. पोटाची भिंत मऊ असते. जोराने मारलेला चाकू तिला आत दाबत जातो, त्यामुळे चार इंचांचे पाते चार इंचांपेक्षा खोलवर पोचू शकते. यकृत, आतडी, मोठ्या रक्तवाहिन्या त्या टप्प्यात येतात.

पोट कुठून कुठपर्यंत, यातही गफलत होते. श्वास सोडताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, छातीत चांगलेच वर, साधारण स्तनाग्राच्या रेषेपर्यंत चढते. म्हणून छातीच्या खालच्या भागातला वार छातीचा आणि पोटाचा असे दोन्ही समजून तपासावा लागतो. कमरेवरचा, पाठीवरचा, नितंबावरचा वारही पोटात जाऊ शकतो, आणि तिथल्या जखमा उशिरा बोलतात, कारण मधे जाड स्नायू असतात.

दुसरे असे की आतड्याला भोक पडल्या पडल्या पोट कडक होतेच असे नाही. लहान आतड्यातला द्रव सुरुवातीला फारशी आग करत नाही. तो पसरतो, जंतू वाढतात, पोटाच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि काही तासांनी माणूस वेदनेने गोळा होतो. दारू पोटात असेल तर वेदना आणखी उशिरा कळतात. रात्री अकराला टाके घालून घरी गेलेला तरुण दुसऱ्या दिवशी फुगलेल्या पोटाने आणि तापाने परत येतो, तेव्हा जे ऑपरेशन तासाभरात निभावले असते ते जिवावर बेतलेले असते. म्हणून आमचा आग्रह : पोटावरच्या कुठल्याही वाराला सर्जनने बघितल्याशिवाय नुसते टाके घालून घरी जाऊ नका. कुणी जा म्हणाले तरी.

मग प्रत्येकाचे पोट उघडतात का?

नाही, आणि लोकांना याचेच आश्चर्य वाटते. पहिल्या महायुद्धापासून पुढे अनेक दशके नियम असा होता की पोटात वार म्हणजे पोट उघडायचेच. युद्धात तो बरोबर होता. पण शहरातल्या चाकूच्या जखमांत कितीतरी पोटे उघडून आत काहीच सापडत नसे. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या जेराल्ड शाफ्टन या सर्जनने मांडले की वार पाहून ऑपरेशन ठरवू नका, रुग्णाची लक्षणे पाहून ठरवा. आज जगभर हीच पद्धत आहे.

ढोबळ हिशेब असा : पोटाच्या पुढच्या बाजूवर झालेल्या वारांपैकी साधारण एक तृतीयांश पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचतच नाहीत. जे पोचतात त्यांतल्याही बऱ्याच वारांनी शिवावे लागेल असे काही फाटलेले नसते. विनाकारण पोट उघडण्याची किंमत मोजावी लागते. जखम चिघळणे, न्यूमोनिया, पुढे हर्निया, आणि आतडी एकमेकांना चिकटून वर्षांनंतरही अडणे. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा लूमवर उभ्या राहणाऱ्या माणसाचा महिना-दोन महिन्यांचा रोजगार जातो तो वेगळाच.

कुणाला मात्र थेट थिएटरमध्ये नेतात?

ज्याचा रक्तदाब घसरलेला आहे आणि सावरत नाही. ज्याचे सगळे पोट लाकडासारखे कडक आहे आणि हात लावू देत नाही. ज्याचे आतडे बाहेर आले आहे. ज्याच्या पोटात हत्यार अडकले आहे. नाकातल्या नळीतून किंवा गुदद्वारातून रक्त येत असेल तरीही बहुधा उघडावेच लागते. अशा वेळी "आधी सीटी स्कॅन करा ना" म्हणून अडवू नका. रक्तदाब नसलेल्या माणसाला स्कॅनच्या खोलीत नेणे म्हणजे जिथे काहीच करता येत नाही अशा जागी नेणे.

"दोन तास झाले, डॉक्टर नुसते येऊन बघून जातायत." असे का?

कारण ते बघणे हाच उपचार आहे. नाडी, रक्तदाब, श्वास आणि पोट स्थिर असलेल्या रुग्णाला भरती करून उपाशी ठेवतात आणि दर काही तासांनी पोट तपासतात, शक्यतो त्याच डॉक्टरच्या हाताने. सकाळी मऊ असलेले पोट दुपारी किंचित ताठ लागते, हा फरक आधी हात लावलेल्यालाच नीट कळतो. रक्तातले हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी पुन्हा पुन्हा तपासतात. लपलेली बहुतेक इजा पहिल्या २४ तासांत डोके वर काढते, म्हणून निदान तेवढे थांबायचे. नाडी वाढत गेली, ताप आला, दुखणे जखमेपासून दूर पसरले, की ऑपरेशन.

यात नातेवाइकांचा खरा उपयोग होतो. रुग्णाजवळ एकच शांत माणूस बसवा. उलटी, खांद्यात अचानक दुखणे, घाम, अस्वस्थपणा, पोट फुगणे यांपैकी काही दिसले तर पुढच्या फेरीची वाट न पाहता सिस्टरला सांगा. लपवून बिस्कीट देऊ नका. वेदनाशामक मागायला संकोच करू नका. औषधाने लक्षणे झाकली जातील म्हणून रुग्णाला तळमळत ठेवायचे, ही जुनी समजूत आहे. मापात दिलेल्या औषधाने तपासणी बिघडत नाही.

सोनोग्राफी नॉर्मल आली. आता तरी घरी जाऊ?

नाही. कॅज्युअल्टीतली ती झटपट सोनोग्राफी पोटात आणि हृदयाभोवती रक्त साचले आहे का एवढेच शोधते. आतड्याला पडलेले लहान भोक तिच्यात दिसत नाही. रक्त दिसले तर ती उपयोगी. दिसले नाही तर प्रश्न सुटलेला नसतो.

शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन यकृत, प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा स्प्लीन हा अवयव), मूत्रपिंड उत्तम दाखवतो, आणि कमरेवरच्या किंवा पाठीवरच्या वारात तो फार मोलाचा असतो. पण लहान आतडे आणि श्वासपटल यांच्या बारीक इजा त्यालाही चकवतात. पोटाच्या पुढच्या वारासाठी एक साधी तपासणी आहे. जागा बधिर करून जखम थोडी मोठी करायची आणि स्नायूवरचे पांढरे मजबूत आवरण फाटले आहे का ते डोळ्यांनी बघायचे. ते शाबूत असेल तर जखम धुऊन शिवतात आणि रुग्ण घरी जातो. बोट किंवा सळी घालून खोली मोजणे ही तपासणी नव्हे. त्याने थांबलेले रक्त पुन्हा सुरू होते.

डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या भागात वार असेल आणि बाकी सगळे ठीक असेल तरी सर्जन दुर्बिणीतून पोट बघायचे म्हणतील. हो म्हणा. श्वासपटलाचे छोटे भोक त्या दिवशी काही त्रास देत नाही. पण ते आपोआप भरून येत नाही, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्यातून जठर किंवा मोठे आतडे छातीत सरकून पीळ पडतो. उजवीकडे यकृत आड येते, डावीकडे आडवायला कुणी नसते.

ऑपरेशनमध्ये नेमके काय करतात? एवढ्या जखमेला एवढा मोठा छेद कशाला?

छेद पोटाच्या मध्यभागी उभा घेतात, गरज पडल्यास छातीच्या हाडापासून ओटीपोटापर्यंत. वाराची जखम मोठी करून आत जात नाहीत, कारण वार डावीकडे दिसला तरी इजा कुठे असेल सांगता येत नाही, आणि उभ्या छेदातून पोटाचा कानाकोपरा गाठता येतो.

पोट उघडल्यावर पहिले काम रक्त थांबवणे. चारही कोपऱ्यांत मोठे पॅड घट्ट बसवतात, भूलतज्ज्ञाला रक्त चढवायला उसंत मिळते, आणि मग एकेक पॅड काढत रक्त कुठून येते ते शोधतात. यकृतातून जोरात येत असेल तर यकृताकडे जाणाऱ्या वाहिन्यांचा गुच्छच काही मिनिटे चिमटीत धरतात. ही युक्ती प्रिंगल या सर्जनने १९०८ मध्ये सांगितली, ती आजही तशीच वापरतात. यकृताच्या बऱ्याच जखमांचे रक्त मात्र पोट उघडेपर्यंत आपोआप थांबलेले असते, त्यांना डिवचत नाहीत.

दुसरे काम घाण थांबवणे. लहान आतडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातातून सरकवत, दोन्ही बाजूंनी तपासतात. घडी घातलेल्या सोलापुरी चादरीत सुई खुपसली की ती किती पदरांतून गेली ते चादर उलगडल्यावरच कळते, तसेच हे. आतड्याची भोके बहुधा जोडीने सापडतात, आत जाण्याचे एक आणि बाहेर पडण्याचे एक. मोजणी विषम आली की सर्जन पुन्हा पहिल्यापासून बघतो. जठराच्या पुढच्या भिंतीला भोक असेल तर मागची भिंत उघडून बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. मागे स्वादुपिंड आहे.

छोटी भोके शिवतात. एकाच तुकड्यात खूप भोके असतील तर तेवढा तुकडा काढून दोन टोके जोडतात. मोठ्या आतड्याला इजा झाली की पोटावर पिशवी लागणारच, असे लोकांनी ऐकलेले असते. पूर्वी तसे होते. आता बहुतेक जखमा सरळ शिवता किंवा जोडता येतात. पिशवी लागते ती फार उशीर झालेल्या किंवा प्रकृती अगदी खालावलेल्या रुग्णाला, आणि तीही बहुधा काही महिन्यांनी बंद करता येते. श्वासपटल न विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. शेवटी कोमट सलाईनने पोट धुतात. घाण फार सांडली असेल तर स्नायूचा थर शिवून वरची कातडी काही दिवस उघडी ठेवतात. ती विसरलेली नसते, पू कोंडू नये म्हणून ठेवलेली असते.

"पोट बंदच केले नाही, आयसीयूत ठेवलंय" असे सांगितले. म्हणजे हाताबाहेर गेले का?

नाही, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. फार रक्त गेले की शरीर गार पडते, रक्तात आम्ल वाढते आणि रक्त गोठेनासे होते. या तिन्ही गोष्टी एकमेकींना वाढवत नेतात. त्या अवस्थेत चार तासांचे सुबक ऑपरेशन पूर्ण होते आणि माणूस जातो. म्हणून रक्त पॅडने दाबायचे, आतड्याची फाटकी टोके तात्पुरती बांधायची, पोटावर निर्जंतुक प्लास्टिक लावून रुग्णाला ऊब, रक्त आणि श्वासाचे यंत्र द्यायचे, आणि साधारण २४ ते ४८ तासांनी पुन्हा आत नेऊन उरलेले काम करायचे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या सर्जनांनी या पद्धतीला 'डॅमेज कंट्रोल' हे आज रूढ असलेले नाव दिले आणि तिने कित्येक जण वाचले. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख ऐकून खचू नका.

रक्त किती लागेल? आणि सलाईन जोरात का सोडत नाहीत?

रक्त वाहत असताना सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या की रक्त पातळ होते, थंड होते, आणि रक्तदाब वाढून तयार झालेली गुठळी निघून जाते. म्हणून रक्तस्राव थांबेपर्यंत वरचा दाब ८०-९० च्या आसपास, रुग्ण शुद्धीवर राहील एवढाच ठेवतात. डोक्यालाही मार असेल तर मात्र असे करत नाहीत. गरज असते ती रक्ताची, आणि त्याच्या जोडीने प्लाझ्मा व प्लेटलेटची. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड नावाचे स्वस्त इंजेक्शन वार झाल्यापासून तीन तासांच्या आत दिले तर मृत्यू कमी होतात, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जागतिक अभ्यासात दिसले. त्या अभ्यासात भारतातले रुग्णही होते.

तुमचा गट जुळत नसला तरी रक्तपेढीत द्या, बदली रक्त म्हणून ते उपयोगी पडते. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ज्या नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, त्या बेथ्यून यांनी स्पेनच्या युद्धात गाडीतून रक्ताच्या बाटल्या थेट आघाडीवर पोचवल्या होत्या. आपल्या गावच्या सर्जनचा वारसा असा आहे. कॅज्युअल्टीबाहेर उभ्या असलेल्या पंधरा जणांपैकी पाच जण रक्तपेढीकडे वळले तर तो चालवल्यासारखे होईल.

सही करायला जवळचे कुणी नाही.

रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याची स्वतःची संमती पुरेशी. बेशुद्ध असेल आणि जीव धोक्यात असेल तर नातेवाइकांसाठी ऑपरेशन अडत नाही. तशी नोंद करून डॉक्टर पुढे जातात.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे भरतीच्या पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या सरकारी योजनेच्या मदतनिसाला, विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरून मागवून घ्या. तातडीच्या रुग्णाची कागदपत्रे थोडी मागाहून देता येतात, पण विचारणा उशिरा केली की अडचण होते.

बाई गरोदर असेल तर?

तिच्यावर झालेला वार लपवला जाण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी सांगतो : तिला एकटीने डॉक्टरशी बोलू द्या. पाचव्या महिन्यानंतर उताणे झोपवू नका, डाव्या कुशीवर थोडे कलते ठेवा, नाहीतर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब घसरतो. आईचा जीव वाचवणे हाच बाळाला वाचवण्याचा पहिला मार्ग. ऑपरेशन गरजेचे असेल तर गर्भारपणामुळे ते थांबवत नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञ सोबत असतात.

बैलाने शिंग मारले. तेही असेच का?

बरेचसे असेच, पण जास्त जपून. शिंग बोथट असते. ते कातडीला लहान भोक पाडून आत स्नायू फाडत जाते, आणि बैल मान हलवतो तेव्हा आत आणखी दिशांना फाटते. उचलून आपटल्यामुळे मुका मारही असतो. माती-शेण आत गेलेले असते, त्यामुळे धनुर्वाताचे इंजेक्शन आणि कसून धुणे अटळ. गोठ्यातच टाके मारून घेण्याचा हट्ट करू नका.

त्याने स्वतःच मारून घेतले आहे. गुन्हा दाखल होईल का?

या भीतीने लोक उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते, आणि त्याची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. जखमेचा उपचार इतरांसारखाच होतो. बरा होत असताना त्याला एकटे सोडू नका, दोष देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांची भेट वॉर्डातच मागा. घरी गेल्यावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, तिथे मराठीत बोलता येते.

ऑपरेशननंतर जेवण कधी?

आतडे शिवले नसेल तर लवकर, शिवले असेल तर सर्जन सांगतील तेव्हा. आधी घोट घोट पाणी, मग पेज, वरणाचे पाणी, मऊ भात. गॅस सरला ही वॉर्डातली सर्वांत आनंदाची बातमी असते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काही आठवड्यांनी. मधल्या काळात अंडी, दूध, डाळ भरपूर, कारण जखम प्रथिनांवर भरते. "टाके पिकतील" म्हणून अंडी आणि डाळ बंद करणारी घरे आहेत. ते चुकीचे आहे. दुसऱ्या दिवसापासून आधार देऊन चालवा. झोपून राहिल्याने फुप्फुसात कफ साठतो आणि पायात गुठळ्या होतात.

कामावर कधी जाता येईल?

निरीक्षणावरच बरा झालेला माणूस आठवड्या-दोन आठवड्यांत जाऊ शकतो. पोट उघडले असेल तर निदान सहा आठवडे पाण्याची भरलेली घागरही उचलू नये. लूमवरचे बीम, सिमेंटची पोती, उसाची मोळी यांसाठी तीन महिने धरा. मालक ऐकत नसेल तर डॉक्टरांकडून तसे लेखी घ्या. आतली शिवण सुटून झालेल्या हर्नियाला पुन्हा ऑपरेशन लागते. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरा, आणि तंबाखू-विडी सोडायची हीच वेळ.

प्लीहा काढून टाकली. आता?

माणूस तिच्याशिवाय नीट जगतो. पण काही जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या तिघांविरुद्धच्या लशी साधारण दोन आठवड्यांनी घ्यायच्या असतात, डिस्चार्जच्या धावपळीत त्या राहून जातात. आयुष्यभर लक्षात ठेवायचे ते एकच : हुडहुडी भरून ताप आला तर घरी क्रोसिन घेऊन वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि "प्लीहा काढली आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

घरी गेल्यावर कशासाठी परत यायचे?

ताप, वाढत जाणारे पोटदुखणे, थांबत नसलेली उलटी, गॅस व शौच दोन्ही बंद, जखमेतून पू किंवा अचानक गुलाबी पाणी. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण ती आतला थर उसवत असल्याची खूण असते. ओले स्वच्छ कापड ठेवून लगेच निघा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात.

डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढा. पाच वर्षांनी पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, किंवा डाव्या छातीत दुखून दम लागू लागला, तर त्या कार्डावरच्या दोन ओळींवरून नव्या डॉक्टरला चिकटलेली आतडी किंवा श्वासपटलातला हर्निया लगेच सुचेल.